फर्गसचं पाकीट

४ मार्च
नवीन पत्र लागू पडलं! पन्नाशीपुढच्यांना आमच्या आरोग्य खात्याकडून आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं पाकीट घरपोच जातं, सोबत एक पत्र. शौचाचा नमुना घरीच घ्यायचा, टपालाने परत धाडायचा. आम्ही पत्रात एवढंच वाढवलं — 'कोणत्या दिवशी कराल, ते इथे लिहा.' पाकिटं भराभर परत येऊ लागली. ऑफिसात केक. आमचा साहेब गॉर्डन म्हणाला, "आयल्सा, माणसाला शिकवायचं नसतं, नुसतं वळवायचं!"
घरी आले. न्हाणीघरात नवऱ्याचं, फर्गसचं पाकीट. न उघडलेलं.

७ मार्च
विचारलं. "त्या पोस्टमनने माझं काय घोडं मारलंय गं, त्याच्या हातात असलं काही द्यायला?" हसलो दोघं.

१२ मार्च
पाकीट त्याच्या दाढीच्या सामानाशेजारी ठेवलं. कॅलेंडरवर २२ तारखेच्या शनिवारभोवती गोल केला. शेजारच्या डगीने कधीच पाठवलं, हेही सहज बोलल्यासारखं सांगितलं. भडकला — "मला तुझ्या ऑफिसच्या प्रयोगातला उंदीर करू नकोस!" लापशी अर्धी टाकून उठला.
बारीक झालाय हल्ली. छान दिसतोस, म्हटलं.

१९ मार्च
पेस्लीहून एका बाईंचा फोन. "पत्रात दिवस लिहायला जागा होती म्हणून केलं हो. नाहीतर पडून राहिलं असतं." गाठ वेळेत सापडली. त्या रडत होत्या, मीही.
म्हणजे आमचं काम खोटं नाही. चालढकल करणाऱ्याला ते खरंच हात देतं. पण फर्गस चालढकल करत नाहीये. रोज दाढी करताना पाकीट उचलतो, बाजूला ठेवतो. आमच्या तक्त्यात त्याला आणि विसराळू माणसाला एकच रकाना — 'आलं नाही'.
घाबरलेल्या माणसाला वळवायचं म्हणजे काय करायचं? तेही त्याच्या नकळत? मला तो हक्क कुणी दिला? आणि नाही वळवलं तर?

२२ मार्च
शनिवार गेला. पाकीट तिथेच.

२४ मार्च
युक्त्या सोडल्या. नुसती त्याच्याजवळ बसले. "बाबांसारखं होईल म्हणून भितोस?" त्याचे वडील ह्याच कॅन्सरने गेले.
तो म्हणाला, "ते पाकीट ज्यांना काही त्रास नाही, त्यांच्यासाठी असतं ना? तुझ्याच पत्रात लिहिलंय."
"हो."
"मला ख्रिसमसपासून रक्त पडतंय, आयल्सा."