दाभणाने न वाढणारं भोक

प्रिय रहीमचाचा,

…आणि दाभण वाकलं! भोक मात्र जराही वाढलं नाही. तुमच्या लेकाने, सलीमने, दोन्ही अंगठे लावून दाबलं होतं. वाकलेलं टोक उजेडात धरून तो म्हणाला, "ताई, कायची आहे ही चकती?"

तुम्ही असता तर आधी तुम्हालाच दाखवली असती. तुम्हाला जाऊन दोन हंगाम झाले. म्हणून लिहिते आहे, चिखलीत, तुमच्याच दुकानात, दुरुस्तीला आलेल्या फवारणी पंपांच्या मधोमध बसून.

पंपाच्या तोंडात बसते ती ही चकती, हिच्या भोकातून फवारा निघतो. तुम्ही पितळेची बसवायचात. ही चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाची आहे. ड्रिल लावलं तर तडकते. मी हिला लेसरने भोक पाडलं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत मी हेच तर करते आहे, चाचा!

"उजेडानं भोक पडते, अन् बाजू तापत नाही? काऊन?" असं तुम्ही एकदा विचारलं होतं. एसटी सुटेल म्हणून मी उठले. एसटीला अर्धा तास होता. मला वाटलं, यांना काय समजणार. तुम्हाला न समजण्यासारखं त्यात काय होतं?

आता ऐका. बिडीसाठी तुम्ही चुलीतला निखारा बोटांनी उचलायचात. आच आत शिरायच्या आधी तो टाकून मोकळे. माझ्या लेसरचं तसंच. प्रकाशाचा एकेक ठोका, इतका आखूड की एवढासा कण उडून जातो आणि शेजारच्याला ऊबही लागत नाही. पुन्हा ठोका. पुन्हा. काठ वितळत नाही, तडा जात नाही. आधी कितीतरी चकत्या तडकल्या. ठोका लांबला की तडा, जोर वाढला की तडा. परवा पहिली अखंड निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली काठ बघितला आणि मी एकटीच मोठ्याने हसले.

बीटी कापूस आला तेव्हा लोक तुम्हाला चिडवायचे, आता अळीच नाही, दुकानाले कुलूप लावा चाचा. तुम्ही काही वर्षं सायकलींची पंक्चरं काढलीत. मग तुडतुडे आले, पांढरी माशी आली, पुढे बोंडअळीही परतली. पंप पुन्हा तुमच्या दारात. आणि जो तो म्हणायचा, भोक मोठं करून द्या, फवारणी लवकर आटोपते. तुम्ही सांगायचात, थेंब जाड होते, पानावर थांबत नाही, तुह्याच पायावर उतरते.

बाबांना मात्र एकदा करून दिलंत. दोस्ती होती. चौथ्या दिवशी फवारणीचं विष अंगावर उतरून बाबा दवाखान्यात. तुम्ही रोज यायचात, दाराशी उभे राहायचात, आत पाऊल टाकायचा नाहीत. बाबा वाचले. तुमचं आमच्या घरी येणं मात्र थांबलं. त्यानंतर तुम्ही कोणाच्याच पंपाचं भोक वाढवलं नाही. गिऱ्हाइकं तुटली, टोमणे ऐकलेत.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही भोक केसभरच वाढवलं होतं. घरी आल्यावर बाबांनी ते दुप्पट केलं. पोती शिवायच्या दाभणाने. मागितलं त्यांनी, आणून दिलं मी. नववीत होते. दवाखान्याच्या दारात तुम्हाला बघूनही गप्प राहिले. बाबाही गप्प राहिले. आमची चूक तुम्ही शेवटपर्यंत वागवलीत, आणि आम्ही वागवू दिली.

आज हे सगळं सलीमला सांगितलं. तो बराच वेळ एकच पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "अब्बा जित्ते असताना सांगायचं होतं ना, ताई." त्यानंतरच त्याने कोनाड्यातून दाभण काढलं आणि चकती मागितली.

चाचा, ही चकती कोणाच्याही हाताने वाढणार नाही! ना लाडाने, ना घाईने. ही तेव्हा असती तर तुम्हाला कोणाला नाही म्हणायची पाळीच आली नसती. पण पंपावर ती चालते का, हे अजून कळायचं आहे.

उद्या बाबांच्या शेतात साध्या पाण्यावर सलीम पंप चालवणार आहे. बाबाही येणार आहेत. त्यांना मी बजावलं आहे, आधी सलीमशी बोला. जे होईल ते जसंच्या तसं लिहीन, चकती फसली तरी. यापुढे तुमच्यापासून काही लपवणार नाही, हा शब्द.

तुमची,
वंदना

दुसऱ्या दिवशी, सकाळी: सलीमने पंप पाठीवर घेण्याआधीच बाबांनी त्याला सगळं सांगितलं. सलीमने ऐकून घेतलं. फवारा इतका बारीक निघाला की वाऱ्याने बांधापलीकडच्या तुरीवर गेला. भोक लहान पडलं. सलीमने नवं माप कागदावर लिहून दिलं. साडेदहाच्या गाडीने मी निघते आहे, त्या मापाची नवी चकती करायला.