राग उतरल्यावर

भाग्यावन्सं,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "स्वरूपा, राग आला की थंड पाणी पी, वीसपर्यंत आकडे मोज, नाहीतर सरळ घराबाहेर जा." तिन्ही उपाय करून पाहिले.

काल सकाळी तुमच्या अम्मांनी पप्पुचारू-भाताची वाटी भिंतीवर भिरकावली. "चोरटे, माझ्या बांगड्या दे!" बांगड्या त्यांच्याच हातात होत्या. मी पाणी प्यायले, वीसपर्यंत मोजलं आणि दुसरी वाटी भरून दिली. तीही त्यांनी माझ्या अंगावर फेकली.

माझा हात उठला, वन्सं. त्यांनी लहान मुलीसारखं तोंड झाकलं आणि म्हणाल्या, "नको ना मारू, नान्ना!" मला त्या स्वतःचे वडील समजल्या होत्या.

मी बाहेरून कडी घातली आणि चालत जगत्यालच्या बसस्टँडवर गेले. माझ्या माहेरची, निजामाबादची बस लागलेलीच होती. खिडकीशी जाऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "कुठलं तिकीट देऊ, अक्का?" तोवर चालून चालून माझा राग उतरला होता, आणि अम्मांच्या गोळीची वेळ झाल्याचं आठवलं. मी खाली उतरले.

दार उघडलं तर अम्मा म्हणाल्या, "कोण गं तू? जेवलीस का?"

तुमचे भाऊ मस्कतहून विचारतात, "अम्मा बरी आहे ना?" मी हो म्हणते.

तुमचे उपाय लागू पडतात, वन्सं. म्हणून तर हे पत्र तुम्हाला पाठवणार नाही; वाचून तुम्ही राग घालवायचा आणखी एखादा उपाय सांगाल. या घरातून निघायचं बळ मला फक्त रागातच येतं.

तुमची भावजय,
स्वरूपा