नीलेशच्या कॉम्प्युटरचं सामान

३ डिसेंबर
नीलेश परत तेच बोलला — "मी नसतो तर तुम्ही सुटला असता." माडावरून पडला त्याला चार महिने झाले. पाय हलत नाहीत. चाकाची खुर्ची आणली, त्यात बसत पण नाही. माडावर चढायची दोरी आणि कोयता उचलून शेजारी वसुंधराकाकींकडे ठेवला.

५ डिसेंबर
मोबाइलवर बघून घरीच कॉम्प्युटर जोडायचा म्हणतोय. लग्नाच्या पत्रिका, बॅनर करीन म्हणतो. सामानाची यादी लिहून दिली. मला एक अक्षर कळलं नाही. पण त्याने काहीतरी मागितलं तरी!

८ डिसेंबर
आमच्या रेवाला कडेवर घेऊन नालासोपाऱ्याला गेले. मोठं काचेचं दुकान. दुकानदार म्हणतो, "भाभी, किसी जेन्ट्स को भेजो." खोका उघडून दाखवत नाही, पावती देत नाही. तशीच परत आले.

१२ डिसेंबर
काकी म्हणाल्या, गास गावात थॉमसकाकांकडे जा. घराच्या ओट्यावरच दुकान. उघडे कॉम्प्युटर, मधून कोंबड्या फिरतायत! काका म्हणाले, "बाय, आधी चालवून बघ, मग ने." माझ्यासमोर बोर्ड लावला. पंखा फिरला. रेवाने टाळ्या वाजवल्या. पावतीवर तारीख घातली. मला काय कळतंय, तरी फसवलं नाही.

२० डिसेंबर
कॉम्प्युटरचा डबा आला, वीज देणारा सप्लाय आला. नीलेश आता उशी लावून बसतो. मी फाटकात दिसले की आतून ओरडतो — "काय आणलंस?"
एकच वस्तू राहिली. ती आली की मग तो कशाची वाट बघणार?

२४ डिसेंबर
राहिलेली रॅम मिळाली. बोटाएवढी पट्टी. घरी येऊन खोटं बोलले — काका नाताळ झाल्यावर देणार. पट्टी केळीच्या पानात गुंडाळली आणि सासूबाईंच्या फुलांच्या टोपलीत तळाला ठेवली, चाफ्याच्या पुड्यांखाली. अजून दोन दिवस तरी वाट बघेल.

२५ डिसेंबर
मेले! सासूबाईंनी सकाळी टोपलीवर पाणी मारलं. रोजच मारतात, माझ्याच डोक्यात आलं नाही. "फुलं सुकतात गो, पानी नको मारू?" पट्टी निथळत होती. पुसून उन्हात ठेवली.

२७ डिसेंबर
पट्टी दिली. सगळं जोडलं. चालू होत नाही! नुसता पूं पूं वाजतो. नीलेश थॉमसकाकांना शिव्या द्यायला लागला. काकांचा काय दोष? सांगून टाकलं. टोपली, पाणी, का लपवली ते. दोरी-कोयत्याचं पण.
पट्टी काढून उलटसुलट बघत बसला. मला वाटलं, संपलं.
मग म्हणाला, "म्हणून आई नारळ दगडावर फोडते होय!"
मी रडायला लागले.
"रडू नको. मला काकांकडे ने. पट्टी मी निवडतो. तू परत फुलांत ठेवशील."

२८ डिसेंबर
बाबूभाऊंचा फुलांचा टेम्पो आला. नीलेशला खुर्चीत बसवून मागे चढवलं. खुर्ची घसरत होती. धावत काकींकडे गेले, तीच माडाची दोरी मागून आणली. गाठ नीलेशने स्वतः मारली.