शेवटची मीच

सोमवार, ३

दूध तापवून झालं होतं, ओटा पुसून झाला होता, दोन चादरी बादलीत भिजत होत्या आणि मी गॅलरीत बसून ह्यांच्या उजव्या बुटाच्या तळाला रबराची नवी पट्टी चिकटवत होते. हे उजवा पाय ओढत चालायचे, त्यामुळे तो बूट नेहमी आधी झिजायचा. टक, घस. टक, घस. सगळ्या जिन्याला कळायचं की कोण आलं. त्या दिवशी पट्टी लावलेला बूट घालून ते खाली उतरले तेव्हा घस आलंच नाही, नुसतं मऊ थप. मी वरून म्हटलं, आता चोरासारखे याल घरात. ते हसले, हात हलवला आणि गेले. दुपारी एका दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. चादरी दोन दिवस तशाच भिजत राहिल्या.

आज बसमधून उतरले आणि का कोण जाणे, ती सकाळच आठवली. बाकी दिवस मात्र छान गेला. राहायला झोपडी म्हणाले होते, पण हे चांगलं दगडी घर आहे. दोन खोल्या, दोन खाटा, एक शेगडी, खिडकीतून डोंगर सबंध दिसतो. डोंगरातली पळण्याची स्पर्धा भरवणाऱ्या मॅडमनी स्वतः ट्रंक उचलली आणि लगेच खाली ठेवली. विचारलं, ह्यात काय, विटा आहेत का? मी म्हटलं, पुस्तकं. सातवीत शाळा सुटली, पण खरं वाचायला शिकले ते लग्नानंतर, हे रद्दीवाल्याकडून आणायचे त्या पुस्तकांवर. महिनाभर पुरतील एवढी आणली आहेत.

लेकीचा फोन आला. तिचं म्हणणं, या वयात रानात कशाला, आमच्याकडे ये. मागून जावई ओरडले की आईंना मेडल हवंय, येऊ दे घेऊन. मी म्हटलं, हवंच आहे.

गुरुवार, ६

माझं काम समजून घेतलं. महिनाअखेरीस माणसं पहाटे निघणार आणि डोंगरातून दिवसभर आणि मग रात्रभर पळणार. जो सगळ्यांत मागे असेल त्याच्या मागे एक माणूस चालतो, त्याला स्वीप म्हणतात. दिवसाच्या वाटेला दुसरं कोणी आहे, रात्रीची वाट माझी. मी विचारलं, झाडू देणार की घरून आणायला हवा होता? मॅडम म्हणाल्या की झाडायचं काही नाही, कोणाला मागे ठेवायचं नाही एवढंच. शेवटचा बसला तर त्याच्याजवळ बसायचं, हट्टाला पेटला तर समजूत काढायची. आणि झाडांना बांधलेल्या चमकत्या फिती येता येता सोडून गोळा करायच्या, म्हणजे रान होतं तसं राहतं.

मला त्यांनी लांब चालण्याच्या एका स्पर्धेत पाहिलं होतं. मी सगळ्यांत शेवटी पोचले होते, पण पोचले होते. हे गेल्यापासून दोन वर्षं मी रोज चालते. घरात बसवत नाही.

माझ्या आधी हे काम करणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, गुडघा गेला म्हणून थांबले. कायम शेवटी, म्हणून सगळे त्यांना कासवकाका म्हणतात, आणि ते स्वतःही फोन उचलून कासव बोलतोय असं म्हणतात. आज त्यांनी वाट दाखवली. वरून खाली चार चौक्या: टेकडीची, खिंडीची, गरम सूप मिळतं ती सूपची आणि ओढ्याची. ओढा ओलांडला की हे घर आणि शेवटची कमान. प्रत्येक चौकीवर एक कंदील. स्वीप आला की चौकीवाला विचारतो, शेवटचं कोण? स्वीपने मोठ्याने म्हणायचं, शेवटचा मीच. मग कंदील विझतो आणि चौकी बंद.

काका म्हणाले, सरावालासुद्धा म्हणायचं. चौकीवर चिटपाखरू नसलं तरी म्हणायचं. मी विचारलं की कोणासाठी, तर म्हणाले, सवयीसाठी. आणि कोणाला आपल्या मागून पुढे जाऊ द्यायचं नाही. स्वीपच्या मागे जो असतो तो स्पर्धेतला नसतो.

मंगळवार, ११

रोज संध्याकाळी वर जाते, अंधार पडता पडता फिती बांधत उतरते. पोटऱ्या दगड झाल्या आहेत. हेडटॉर्च लावली की फिती लांबून चमकतात, कोणीतरी आपली वाट बघत असल्यासारख्या.

आज सूपच्या चौकीवर मजा आली. तिथे स्पर्धेत सूप करणारी बाई शेगडी तपासायला आली होती, काकाही गाडीतून आले होते. ती बाई फार बोलकी. नवऱ्याला घरी ठेवून आली आहे आणि तो उपाशी मरेल की स्वयंपाकघर पेटवेल याची तिला खरोखर उत्सुकता आहे. मला बघून तिने हाक दिली, शेवटचं कोण? मी म्हटलं, हे येताहेत मागून, सावकाश.

माझ्या तोंडून गेलं. तीस वर्षं हेच वाक्य म्हणत आले. कोणाकडे गेलो की मी आधी पोचायची आणि दारात हेच सांगायची. ह्यांना मागून चालायला आवडायचं. म्हणायचे, तू पुढे हो, तुझ्या पाठीकडे बघितलं की रस्ता कळतो.

ती हसली. काका हसले नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, आता नीट म्हणा. मला राग आला. म्हटलं, गंमत केली हो. आणि तशीच खाली उतरले.

शुक्रवार, १४

ओढ्याच्या अलीकडे मागे पावलं.

टक, घस. टक, घस.

मी थांबले, ती थांबली. मी निघाले, ती निघाली. मी मागे वळले नाही. भीती वाटली म्हणून नाही, हे लिहायला हवं. वळले असते तर ती थांबली असती. दोन वर्षं माझ्या पाठीला गार लागतंय, उन्हातसुद्धा. आज ती जागा भरली होती.

घरी आले, दार लावलं. बऱ्याच वेळाने पुन्हा उघडलं. बाहेर कोणी नव्हतं.

बुधवार, १९

रोज येतात. मी त्यांना काल वाचलेली पुस्तकातली पानं म्हणून दाखवते, चालता चालता, जेवढं पाठ असेल तेवढं. ते ऐकतात. घरीही असेच ऐकायचे.

चौकीवर ते वाक्य म्हणत नाही. कसं म्हणू?

दुपारी काका आले, गुडघ्याला पट्टा बांधून, एवढी चढण चढून. चहा घेतला आणि विचारलं, आवाज येतो का? मी खोटं बोलले नाही. ते ओरडले नाहीत. म्हणाले की ताई, रानात हाक मारली की जो जवळ असतो तो आधी येतो. ज्याला मारली तोच येतो असं नाही. मी म्हटलं, पाऊल ओळखीचं आहे. ते म्हणाले, ते तुमच्याकडूनच ऐकलं असेल त्याने. तुमच्या डोक्यात तेच चालू असतं ना दिवसभर?

मग विचारलं, तुमचे यजमान भरभर चालायचे का? म्हटलं, नाही, फार सावकाश.

काका खिडकीतून डोंगराकडे बघून उठले. जाताना म्हणाले, स्पर्धेच्या रात्री चारही चौक्यांवर म्हणा. चार वेळा म्हटलंत की मिटेल. आणि पुढे जाऊ देऊ नका.

मिटेल. म्हणजे पुन्हा पाठीला गार.

सोमवार, २४

आता जवळून. हात मागे केला तर लागेल इतकं.

सूपवाली आज चौकीवर भांडी लावत होती. मी वळणावरून दिसले तशी तिने हात केला आणि मग हात तसाच राहिला. मला म्हणाली, तुझ्याबरोबर कोणी आहे म्हणाली नाहीस. मी विचारलं, कसा दिसतो? ती म्हणाली, चेहरा दिसला नाही, तुझ्या डोक्याआड होता. मी बघायला मान हलवली की तोही हलवत होता.

मग एकदम घाईने म्हणाली की उजेड आहे तोवर जाते, नवऱ्याने घर पेटवलं असेल. ती हसली नाही.

शुक्रवार, २८

उद्या. माणसं आली आहेत, तंबू लागले आहेत, सगळीकडे गलका. लेकीने विचारलं, आई, एकटी नाहीस ना तिथे? म्हटलं, नाही.

चार वेळा म्हणायचं. ठरवलं आहे. काका कमानीशी बसणार आहेत. मी ठरवलं आहे, म्हणेन.

शनिवार, २९. टेकडीची चौकी

शेवटचा धावणारा एक दातांचा डॉक्टर आहे, पायाला फोड आलेत, तरी बडबड चालू. म्हणतो की उद्यापासून पेशंटला दुखलं तर रागावणार नाही.

म्हटलं मी. शेवटची मीच. कंदील विझला. मागे पावलं थांबली.

मग पुन्हा. हळू.

खिंडीची चौकी

म्हटलं. या वेळी मागे श्वास. रडणं दाबल्यावर येतो तसा. डॉक्टरने विचारलं, ताई, मागून येणारे गृहस्थ ठीक आहेत ना? मी म्हटलं, तुम्ही पुढे बघा.

सूपची चौकी

सूपवालीने माझ्या मागे बघितलंच नाही. भांड्याकडे बघत विचारलं, शेवटचं कोण? मी म्हटलं.

पावलं अडखळली. पडल्याचा आवाज. मी थांबले. कोणाला मागे ठेवायचं नाही, हेच तर काम. आणि फिती मी काढत आलेय. सगळ्या. माझ्या पिशवीत आहेत. मागे राहिलेल्याला वाट कशी

ओढ्याची चौकी

डॉक्टर पुढे गेला. चौकीवालाही त्याला ओढा ओलांडायला हात देत गेला, कंदील तुम्ही विझवा म्हणाला. एकटी आहे. एकदा म्हणायचं आणि संपलं.

म्हणवत नाही.

ते मागे उभे आहेत. मी वाटेवरून बाजूला होते. त्यांना पुढे जाऊ देते. म्हणजे मी खरंच शेवटची होईन. खोटं बोलावं लागणार नाही. आणि ते आत येतील, उजेडात—

तिथेच, थोड्या वेळाने

गेलं. माझ्या खांद्याला घासून गेलं. पाठ दिसली. रुंद. ह्यांची आहे का कळेना. तीस वर्षं मी पुढे, हे मागे. ह्यांची चालतानाची पाठ मी कधी पाहिलीच नाही.

पुढे गेल्यावर पाय ओढेना. सरळ चाललं. भरभर. ओढ्यात पाणी वाजलं नाही.

मी म्हटलं, शेवटची मीच. कंदील विझवला.

आणि मग मागून, लांबून, रानातून—

टक. थप.

टक. थप.

रबराची पट्टी. मी लावलेली. ती एकच दिवस वापरली त्यांनी. तो आवाज मी एकदाच ऐकला होता, जिन्यात, आणि विसरले होते. मला घसच आठवत होतं. म्हणून त्याला तेच आलं.

सूपच्या चौकीवर मी ते वाक्य म्हटलं त्याच दिवशी हे निघाले असतील. सावकाश.

मी हाक मारली. पुन्हा मारली. काड्यांमागून काड्या ओढल्या, कंदील पेटेना. आवाज थांबला. मग भलतीकडे गेला. वाट नाही त्या बाजूला.

रविवार, ३०

कमानीशी काकांनी विचारलं, शेवटचं कोण? मी फितींची पिशवी घट्ट धरली. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्या घराच्या दाराकडे. दार उघडं होतं.

उरलेली रात्र ते दुसऱ्या खाटेवर बसून होतं. पाठ माझ्याकडे. मी हलले की हलायचं.

सकाळी मी बूट घातले. फितींची पिशवी घेतली, कंदील घेतला, काड्यांची नवी पेटी घेतली. लेकीला फोन लावला, उचलला नाही, झोपली असेल. ओढा ओलांडला आणि सगळ्या फिती पुन्हा बांधल्या, वरपर्यंत, एकही न चुकवता. मग ओढ्याच्या चौकीवर येऊन बसले. दिवस मावळला तसा कंदील लावला. अजून एक जण यायचे आहेत, म्हणून विझवायचा नाही.

आता अंधार आहे. वरून येताहेत. टक, थप. वाट सापडली. फितींच्या बाजूनेच येताहेत.

खालून, घराकडून, ओढ्यातून—टक, घस. आता पुन्हा ओढतंय. मला फसवायला नाही. सवयीने.

ते भरभर येतंय. हे सावकाश.

मी मध्ये कंदील धरून उभी आहे. लांबून हाक मारते, या, मी इथे आहे, माझ्या पाठीकडे बघत