धबधब्याची चाचणी फेरी

४ ऑक्टोबर

ठरलं! जायचं! सगळ्यांनी!

रात्री जेवताना अम्मी सहज बोलून गेली — "गुडघे साफ निकामी व्हायच्या आत एकदा खराखुरा धबधबा बघायचाय." एवढंच म्हणाली आणि अब्बांना भात वाढायला लागली. डॉक्टरांनी तिला सांगितलंय, डोंगराबिंगरावर चालायचं ते यंदाच चालून घ्या. माझ्या आठवणीत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. म्हटलं, अम्मी, मी नेतो तुला! आखणी सगळी माझ्याकडे!

लिफ्ट तपासणं हा माझा धंदा. माणसं वर न्यायची, सुखरूप खाली आणायची. एक सहल ती काय!

५ ऑक्टोबर

अब्बांची अट. रोज हॉटेल बदलायचं नाही. "एक शहर, एक खोली, एक पलंग. दिवसा निसर्ग बघू, संध्याकाळी परत." स्वतःची उशी नेणार म्हणे. परक्या उशीवर डोळाच लागत नाही. नोकरीत असताना टेबलावर डोकं टेकून लागायचा, ते वेगळं.

शहर मिळालं. एका अंगाला धबधबा, दुसऱ्या अंगाला जंगल, तिसरीकडे तळं. मी स्वतःवरच खूष.

७ ऑक्टोबर

आपाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, नवऱ्याने नाक खुपसलं. यांचं टायरांचं दुकान, पण हलाल-हरामचा विषय निघाला की टायर विसरतात. घरात सगळे त्यांना मुफ्ती म्हणतात. आम्ही चेष्टेने म्हणतो, ते मानाने घेतात. सगळे सुखी.

तर हॉटेलवाल्याला फोन लावला, मुफ्तींना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"जेवण हलाल आहे का?"

"आहे साहेब."

मुफ्ती मधेच — "कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता."

मग खोलीतल्या फ्रीजचा मुद्दा. त्यात नको त्या बाटल्या असतात. काढून ठेवतो म्हणाला. "फ्रीज धुणार का?" धुतो म्हणाला. "कशाने?" इथे हॉटेलवाल्याने फोन ठेवला. त्याच्या जागी मी असतो तर फ्रीजच्याच वेळी ठेवला असता.

१० ऑक्टोबर

त्या शहरात स्टेशनाजवळ एक खानावळ सापडली. मालक मुफ्तींशी फोनवर तासभर बोलला, दोघांचे सूर जुळले, शेवटी एकमेकांना दुआ देत होते. पूर्ण खात्रीची! अडचण एकच — उघडी फक्त दुपारी.

म्हणजे दुपारी शहरात परत यायलाच हवं. नकाशा पसरून बसलो. सकाळी निघायचं, धबधब्यापाशी पोचायचं, गाडीतून न उतरता सुभानल्लाह म्हणायचं आणि वळायचं. आपा म्हणाली, वळताना काचेतून दिसेल की! अब्बा म्हणाले, एकाच बाजूच्या लोकांना दिसेल, तू दोनदा वळव.

बायको म्हणाली, "एक दिवस ब्रेड आणि फळं घेऊन जाऊ. काय बिघडलं?" अब्बांनी तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी नकाशाची घडी घालायला लागली. सुट्टीत गार जेवायचं?

१३ ऑक्टोबर

सुटलं कोडं! हॉटेल नकोच. स्वयंपाकघरवाला फ्लॅट घ्यायचा आणि अम्मी रांधणार! घरचं जेवण, घरची खात्री. मुफ्तींनी टाळी दिली. अब्बा म्हणाले, हे आधीच का नाही सुचलं? आपाच्या पोरांनी जेवणाच्या फर्माइशीही सोडल्या.

"अम्मी, चालेल ना?"

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.

झोपताना बायको म्हणते, "आणि त्यांना धबधबा कोण दाखवणार?" म्हटलं, काढू ना एक दिवस. तिने कूस बदलली. ही कूस बदलते तेव्हा माझं काहीतरी चुकलेलं असतं, पण काय ते सांगत नाही.

१६ ऑक्टोबर

आमच्या धंद्यात नवी लिफ्ट माणसांना देण्याआधी वजनं चढवून बघतात. रिकामी लिफ्ट कुणाचीही छान चालते. सहलीचंही तेच.

म्हणून खालाची व्हॅन मागून घेतली. खाला म्हणजे अम्मीची धाकटी बहीण. शाळेची मुलं ने-आण करते. सध्या शाळा बंद, व्हॅन उभीच. माणसांच्या जागी मुफ्तींच्या दुकानातले टायर ठेवले. पोरांसाठी स्कूटरचे, मोठ्यांसाठी गाडीचे, अब्बांसाठी ट्रकचा. पट्टे बांधले आणि गावाबाहेर लांब चक्कर मारून आणली. ब्रेक उत्तम, वळणं उत्तम, एकालाही उलटी झाली नाही.

खाला पोट धरून हसली. "अरे वेड्या, टायरांना फिरवून आणलंस? त्यांना आवडलं का?"

अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांना ट्रकचाच का, हे विचारून विचारून त्यांनी जीव नकोसा केला.

१९ ऑक्टोबर

माणसांची चाचणी. आपलं घर म्हणजे फ्लॅट. कॉलनीमागची भरून वाहणारी पाण्याची टाकी म्हणजे धबधबा. रोपवाटिका म्हणजे जंगल. गाड्या धुण्याच्या दुकानापुढचं डबकं म्हणजे तळं. अम्मी फ्लॅटवर, म्हणजे घरी, म्हणजे स्वयंपाकघरात.

सगळे टोप्या घालून निघालो. टाकीखाली रांगेत उभे राहून वर बघत होतो तेव्हा वॉचमन धावत आला — "काय झालं? कोण चढलंय वर?" रोपवाटिकेत अब्बांना दम लागला, म्हणून मालकाने खुर्ची दिली आणि मोगऱ्याची कुंडी गळ्यात मारली. मुफ्तींनी होकायंत्र काढून किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, शोधला. कुठे? आपल्याच गल्लीच्या तोंडाशी, जिथल्या मशिदीत ते पाची वेळा जातात! आणि जुळला म्हणून खूष झाले.

परत आलो तर गरम जेवण तयार. चाचणी फत्ते!

अम्मीने विचारलं, "कसा होता धबधबा?"

"भव्य," अब्बा म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

भांडी आवरताना बायको एकच वाक्य बोलली — "परवा व्हॅनमध्ये अम्मींच्या नावाचा टायर ठेवला नव्हतास."

आठवून बघितलं. खरंच नव्हता. सगळ्यांचे होते. माझा होता. मुफ्तींचा तर नवाकोरा होता. ज्या बाईसाठी निघालो तिचाच नाही. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.

२२ ऑक्टोबर

बैठक बोलावली. म्हटलं, बाकी काहीही होवो, धबधब्याच्या दिवशी अम्मी बरोबर येणार!

"मग त्या दिवशी रांधणार कोण?" अब्बा.

सगळ्यांनी आपाकडे पाहिलं. "मी सुट्टीवर असेन!" आपा म्हणाली. माझ्या बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. मी मुफ्तींकडे. मुफ्तींनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "त्या दिवशी सगळे नफिल रोजा ठेवू." नफिल म्हणजे मर्जीचा रोजा, पण अब्बा उठून उभेच राहिले. सुट्टीत उपाशी?

मग जो गोंधळ झाला तो लिहिण्यात अर्थ नाही. पोरंसुद्धा मत मांडत होती.

शेवटी अम्मी म्हणाली, "राहू दे रे. नका भांडू माझ्यापायी." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं, चेहऱ्यांवर दिसत होतं. माझ्याही चेहऱ्यावर दिसत असणार. खाला दारात उभी होती, व्हॅनची किल्ली बोटाभोवती फिरवत. मग तीही आत अम्मीकडे गेली.

२३ ऑक्टोबर

अब्बांच्या आग्रहावरून उद्या पुन्हा चाचणी. उशीसकट.

२४ ऑक्टोबर

टाकी, रोपवाटिका, डबकं. भुकेने कासावीस होऊन परतलो तर घरात कसलाच वास नाही. ओटा पुसून लख्ख. गॅस गार. अम्मी नाही!

अब्बा काखेत उशी धरून खोल्याखोल्यांत हाका मारत फिरले. मी जिने उतरून वॉचमनकडे धावलो. तो म्हणाला, "तुम्ही टाकीकडे वळलात आणि अम्मी खालांच्या व्हॅनमध्ये बसून गेल्या. पुढच्या सीटवर. मला हात केला."

वर येऊन सांगितलं. मुफ्ती म्हणाले, "पण तिकडे त्या खाणार काय?" अब्बा म्हणाले, "आणि इकडे आपण?" आपा रडायला लागली. माझ्या बायकोने ब्रेड कापायला घेतला. तिला हसू आवरत नव्हतं.

आधी मला संताप आला. एवढी आखणी, एवढे टायर! मग खुर्चीत बसलो आणि लक्षात आलं, की चाचणी न करता, नकाशा न बघता, दुखऱ्या गुडघ्यांनी ती निघालीसुद्धा. मला नेता आलं असतं. पहिल्याच दिवशी. नुसतं गाडीत बसवायचं होतं.

अब्बांनी गार ब्रेड खाल्ला. दोनदा मागून घेतला.

२५ ऑक्टोबर

अम्मीचा फोन. मागे पाणी इतकं कोसळतंय की तिला ओरडून बोलावं लागत होतं. पहिल्यांदाच ऐकला तिचा एवढा मोठा आवाज. म्हणाली, चार दिवस राहणार आहे, तुम्हीही या सगळे.

"पण जेवून या!"