श्रवण-विश्राम

४ फेब्रुवारी, मंगळवार
"वंदना मॅडम, तुमची हिंदी गोड. यात जरा साखर टाका." प्राचार्यांनी तेजस्विनीचा हिंदीतला अहवाल माझ्यापुढे सरकवला.

बी.ए.ची पोर! कानाच्या डॉक्टरांकडून तपासायचं यंत्र मागून आणलं, पॉवरलूमच्या दोन गल्ल्या पालथ्या घातल्या, शंभर जणांचे कान तपासले. एकसष्ट जणांना कमी ऐकू येतं. पंधरा तारखेला कॉलेजात 'शाश्वत विकास आणि मानवाधिकार' परिसंवाद — तिथे ती हे वाचणार. अडचण एवढीच की कॉलेज समितीचे अध्यक्ष निरंजन शेठ, आणि त्या गल्ल्यांतले निम्मे लूम त्यांचे.

"बाकी राहू द्या, पण 'बहरापन' शब्द नको."

मी 'अतिथी विद्वान'. नाव भारदस्त! अर्थ एवढाच — दरवर्षी बोलावलं तर यायचं. म्हटलं, टाकते साखर.

५ फेब्रुवारी
'बहरापन' खोडून 'श्रवण-विश्राम' केलं. लूमचा खडखडाट झाला 'औद्योगिक ध्वनि-वैभव'. स्वतःवरच खूश!

६ फेब्रुवारी
तेजस्विनीने वाचलं. हसली नाही. "मॅडम, मम्मी को क्या बोलू? तुला विश्राम लागला?"

तिची आई आशाबाई वीस वर्षांपासून लूमवर सुताच्या कांड्या भरते. मला ठाऊकच नव्हतं. डबा तसाच परत आणला.

९ फेब्रुवारी, रविवार
गेले त्यांच्या गल्लीत. आशाबाई बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतात. विचारलं, "कानाचा त्रास केव्हापासून?" तर म्हणाल्या, "हो हो, चहा झालाच!" दोघी हसलो.

मग त्याच बोलल्या, खूप मोठ्यानं — "नातू झाला, बाई. रडतो ते माले ऐकू येत नई. तोंड पाह्यते त्याचं, मंग उचलते. पोरीनं खरं लिहेलं आहे ना?"

खरंच लिहिलंय. माझ्याकडे एकही समानार्थी शब्द उरला नाही.

१० फेब्रुवारी
सगळे 'बहरापन' परत जागेवर बसवले. सतरा! खाली मार्गदर्शक म्हणून माझी सही. प्राचार्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं. "मॅडम, जूनमध्ये नवी यादी निघते. माहीत आहे ना?"

माहीत आहे.

घरी सांगितलं तर मधुकर म्हणाले, "सही तरी नीट केलीस ना? तुझी कुणाला वाचता येत नाही." या माणसाशी संसार केला, बरं केलं.

१५ फेब्रुवारी
परिसंवाद! समोसे गरम, भाषणं थंड. 'विचारस्वातंत्र्य' बारा वेळा — मोजलं मी. कार्यक्रमपत्रिकेवर तेजस्विनीच्या नावावर पांढरी चिकटपट्टी. विचारलं, तर "अहवाल शेठजींकडे वाचायला गेलाय".

ती मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसून राहिली, कागद मांडीवर घेऊन. माझ्याच्याने तिकडे बघवेना.

१७ फेब्रुवारी
सकाळी निरंजन शेठांचा फोन. संपलं, म्हटलं.

"मॅडम, रिपोर्ट पढ़ी. तीन बार." मग आवाज खाली आणून, "वो लड़की... घर आके मेरा कान देख लेगी क्या? चुपचाप?"

म्हटलं, "घरी नाही यायची ती. रविवारी तिच्या गल्लीत या. ओट्यावर बसा, सगळ्यांसारखा नंबर लागेल."

"क्या?"

मी पुन्हा सांगितलं — ओरडून!