चंद्रदर्शनानुसार बदल

गुरुजी, उद्या शाळेला सुट्टी द्यावी की नाही हे ठरवण्यासाठी मी सोसायटीच्या गोदामाच्या गच्चीवर गेलो होतो, तो आत्ताच खाली उतरलो आहे. तुमच्या खुर्चीत आता मी विराजमान असतो. तिचा मागचा पाय अद्याप आखूड आहे आणि त्याखाली तुम्ही सरकवलेली शहाबादी फरशीची कपचीही तीच आहे. मुख्याध्यापक नश्वर, कपची शाश्वत. यंदा मृग कोरडा गेल्याने आकाश निरभ्र होते. चंद्र दिसला. नखाच्या कोरीएवढा, परंतु निःसंशय दिसला. तरीही मी मुल्लाजींच्या मुलाला तीन वेळा विचारले. आता वडिलांच्या जागी तोच उभा राहतो. अखेर तो म्हणाला, "मास्तर, तुमचे डोळे गेले का काय? त्यो काय समोर हाय!" मी हसलो. माझ्या डाव्या बाजूला, जिथे तुम्ही उभे राहत असा, तिथे कोणीही हसले नाही.

पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी माणसांनी ठरवले, त्यात सूर्यालाही ढवळाढवळ करता येत नाही, असे तुमचे मत होते. ईदचे मात्र निराळे. वर्षारंभी येणाऱ्या सुट्ट्यांच्या यादीत तिच्यापुढे तारीख छापलेली असते आणि तळाशी बारीक टीप असते, की चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो. "एवढं मोठं सरकार, पण या एका ओळीत हात जोडून उभं हाय बघा," असे तुम्ही दरवर्षी म्हणत असा, आणि मी दरवर्षी प्रथमच ऐकल्यासारखा हसत असे. तालुक्याहून बदलाचा निरोप येईपर्यंत शिरखुर्मा शिळा होई. म्हणून आपल्या गावाने स्वतःचे संविधान केले होते: एकोणतिसाव्या रोज्याच्या सायंकाळी मुल्लाजींनी आणि मुख्याध्यापकांनी गच्चीवर उभे राहावे; मुल्लाजींनी सण ठरवावा, मुख्याध्यापकांनी सुट्टी. खाती दोन, चंद्र एक.

या घटनेतील एक कलम केवळ तुम्हाला आणि मला ठाऊक होते. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते, अवर्षणामुळे ईट गावच्या तुमच्या शेतात कुसळही उगवले नव्हते आणि नऊ माणसांचे घर तुमच्या नोकरीवर उभे होते. दृष्टी गेल्याचे वर कळले असते तर नोकरी गेली असती. म्हणून रोज सकाळी दार लोटून मी तुम्हाला टपाल वाचून दाखवीत असे आणि तुम्ही एकदाच ऐकून ते मुखोद्गत करीत असा. मी सहशिक्षक होतो; परंतु खासगीत स्वतःला तुमचा राजनेत्र ही पदवी मी बहाल केली होती. तुम्ही ती मान्य केलीत, हाच तुमचा मोठेपणा आणि हीच तुमची चूक.

त्या वर्षी दुष्काळ पडला होता, मात्र तो पडल्याचे शासनाने अद्याप ठरवले नव्हते. रस्त्याच्या खडीच्या कामाची धूळ पश्चिमेला पडद्यासारखी लोंबत होती. मुल्लाजींनी कपाळावर हात धरून बराच वेळ पाहिले.

"मला न्हाय दिसला. गुरुजी, तुमाला?"

तुम्ही माझ्याकडे मान वळवता. त्या दुधाळ बुबुळांत मावळतीचा उजेड साचलेला आहे. "दिसला का हो?" तुम्ही हळूच विचारता. मुरुमला, माझ्या सासुरवाडीत, माझी पाच दिवसांची मुलगी आहे आणि मी तिला अजून पाहिलेले नाही. सकाळी सहाला एसटी आहे. मी म्हणतो, "दिसला." आणि तुम्ही क्षणाचाही विलंब न लावता म्हणता, "दिसला."

मुल्लाजी शांतपणे म्हणाले, "तुमची सुट्टी तुमी द्या, गुरुजी. माझा रोजा माझ्या डोळ्यावर."

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि गावात तिसावा रोजा. खरी ईद तिसऱ्या दिवशी आली. सणाच्या दिवशी मुसलमानांची मुले वर्गात कशी बसवायची, म्हणून तुम्ही शाळा पुन्हा बंद ठेवलीत. हे मला मुरुमला कसे कळावे? मी त्याच दिवशी अकराच्या सुमारास परतलो, तो व्हरांड्यात तपासणीला आलेले साहेब, त्यांच्यासमोर तुम्ही उभे आणि दाराला कुलूप.

"एका ईदच्या दोन सुट्ट्या? चंद्र पाहिला कोणी?"

"मीच बघितला, साहेब. माझ्या डोळ्यानं. चूक माझी हाय."

साहेबांनी पिशवीतून यादी काढून तुमच्या हाती दिली. "मग खालची टीप वाचा, मोठ्यानं."

तुम्ही कागद डोळ्यांसमोर धरलात आणि वरच्या क्रमांकापासून तळच्या टिपेपर्यंत सबंध यादी खणखणीत आवाजात म्हणालात. स्वल्पविरामाला थांबलात, पूर्णविरामाला श्वास घेतलात. एक अक्षर चुकले नाही. कागद उलटा होता. मी एका हाताच्या अंतरावर उभा होतो. साहेबांनी तो तुमच्या हातात सुलटा केला. तेव्हा तुम्हाला कळले. तुम्ही माझ्या दिशेने पाहिलेत. नेमके माझ्याकडे नव्हे, थोडे डावीकडे.

पुढे वैद्यकीय तपासणी झाली, मुदतीपूर्वी तुम्हाला घरी बसवले गेले आणि तुम्ही ईटला गेलात. त्यानंतर दोन वर्षे, दर रमजानच्या अखेरीस, नातवाच्या हस्ताक्षरात तुमचे पोस्टकार्ड येत असे: "यंदा चंद्र कोणत्या दिवशी दिसला ते कळवावे. तुमच्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे." तो टोमणा होता की भरवसा, हे आजतागायत माझ्यासारख्या प्रकांडपंडितालाही उलगडलेले नाही. मी उत्तर दिले नाही. तिसऱ्या वर्षी कार्ड आले नाही, तेव्हा मला हायसे वाटले. तुम्ही गेल्याचे महिनाभराने समजले.

दोन्ही कार्डे यादीच्याच फाईलमध्ये आहेत. आज त्यांचे उत्तर लिहितो आहे. यंदा दिसला, गुरुजी. त्या वर्षी मला काहीही दिसले नव्हते, फक्त धूळ. हे पत्र टाकायला पत्ता नाही, परंतु न टाकण्याचे खरे कारण ते नव्हे. तुमची पत्रे वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. आणि हे पत्र तेव्हा टपालाने आले असते, तर दार लोटून मी तुम्हाला दुसरेच काहीतरी वाचून दाखवले असते.